नव्वदला थरथरणारं स्टिअरिंग

ताशी ८० किलोमीटरपर्यंत गाडी निवांत चालते. काटा ९० कडे सरकला की स्टिअरिंग हातात थरथरू लागतं, आरशात मागची गाडी धूसर दिसते, बाटलीतल्या पाण्यावर बारीक लाटा उठतात. ११० च्या पुढे गेलं की थरथर ओसरते, आणि शहरात परतल्यावर तर काही झालंच नव्हतं असं वाटतं. गॅरेजमध्ये हे सांगितलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘बॅलन्सिंग करून घ्या.’ हे उत्तर पुष्कळदा बरोबर असतं. पण दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही असं सांगणारेही कमी नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा घाई नडलेली असते. थरथर कुठे जाणवते, कधी सुरू होते, कशाने बदलते हे नीट टिपून ठेवलं, तर चाक मशीनवर चढण्याआधीच अर्धं निदान झालेलं असतं.

हा दोष शहरात वर्षभर झाकून राहू शकतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या गर्दीत गाडी ५०-६० च्या वर क्वचितच जाते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. आता हा ७०१ किलोमीटरचा रस्ता मोटारींना ताशी १२० पर्यंत जाऊ देतो. त्या सपाट काँक्रीटवर गाडी चढली की शहरातली ‘चांगली चालणारी’ चाकं दहा मिनिटांत आपलं खरं रूप दाखवतात.

मुळात होतं काय, ते आकड्यांत पाहू. आपल्याकडच्या छोट्या मोटारींना १६५/८० आर १४ मापाचा टायर सर्रास असतो. त्याचा घेर साधारण १.९४ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे या वेगाला चाक सेकंदाला १४ पेक्षा थोडे जास्त फेरे घेतं. आता या चाकाची एक बाजू रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅमने जड आहे असं समजा. फिरणारं वस्तुमान बाहेरच्या दिशेने ओढतं आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० ला ती जेमतेम पाऊण किलो वजनाइतकी असते, १०० ला जवळपास ३ किलो, १२० ला ४ किलोच्या वर. शिवाय ही ओढ एका जागी स्थिर नसते. जड बाजू वर आली की चाक वर उचललं जातं, खाली गेली की खाली दाबलं जातं, आणि हे सेकंदाला १४ वेळा. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की पिळताना सगळं मशीन जागेवरून सरकू लागतं, तसाच हा प्रकार.

मग प्रश्न उरतो की ओढ वेगाबरोबर वाढतच जाते, तर ११० नंतर थरथर कमी का होते? चाक, हब, ब्रेक हे सगळं दोन स्प्रिंगांच्या मध्ये लटकलेलं असतं. खाली हवा भरलेला टायर ही एक स्प्रिंग, वर सस्पेन्शनची दुसरी. अशा रचनेला वर-खाली नाचण्याची स्वतःची एक लय असते. बहुतेक मोटारींत ती सेकंदाला १० ते १५ झोक्यांच्या आसपास येते. आपला टायर ताशी ८० ला सेकंदाला साडेअकरा फेरे घेतो आणि १०५ ला पंधरा. म्हणजे चाकाच्या फेऱ्यांची गती आणि सस्पेन्शनची लय याच पट्ट्यात एकमेकींना भेटतात. तेव्हा छोटा धक्काही मोठा होऊन हातापर्यंत पोचतो. पट्टा ओलांडला की लय जुळत नाही, थरथर ओसरते; ओढ मात्र वाढलेलीच असते. ‘जरा पळवली की थांबते’ म्हणून पळवत राहणं त्यासाठीच वाईट. हाताला जाणवत नसलं, तरी तो मार बेअरिंग, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे सांधे खात असतात. आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर थकलेले असतील तर जी १० ग्रॅमची तफावत नव्या गाडीत कुणाच्या लक्षातही आली नसती, तीच आता ठळक जाणवते. बॅलन्स न बिघडताही थरथर वाढण्याचं हे एक कारण आहे.

चाकाचा तोल दोन तऱ्हांनी बिघडतो. एका तऱ्हेत परिघावर एक जागा जड असते. चाक वर-खाली उड्या मारतं. दुसऱ्या तऱ्हेत रिमच्या आतल्या कडेला एका जागी जडपणा असतो आणि बाहेरच्या कडेला त्याच्या बरोबर समोर. असं चाक हातात अधांतरी धरून हळू फिरवलं तर अगदी तोलात आहे असं वाटतं, कारण वर-खाली बेरीज शून्य होते. वेगात मात्र ते डावी-उजवीकडे डुगडुगतं आणि पुढचं चाक असेल तर स्टिअरिंगला झटके देतं. बॅलन्सिंगचं मशीन आतल्या आणि बाहेरच्या कडेसाठी दोन वेगळे आकडे दाखवतं, ते यासाठी. दोन्ही वजनं आपापल्या जागी लागली पाहिजेत. दिसायला बरं नाही म्हणून अ‍ॅलॉयच्या बाहेरच्या कडेचं वजन टाळून सगळं आत एकाच पट्टीत चिकटवलं, तर पहिली तऱ्हा दुरुस्त होते, दुसरी तशीच राहते. वजन आत लपवायचंच असेल तर मशीनला तसं सांगून त्याच्याकडून आतल्या दोन जागा काढून घ्याव्या लागतात.

आता निरीक्षणाकडे. पहिली गोष्ट, थरथर कुठे आहे. स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग शांत आणि सीट, फरशी किंवा मागचा बाक थरथरत असेल तर मागच्या चाकांवर. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, पण सुरुवात इथूनच करावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: थरथर वेगाशी बांधलेली आहे की इंजिनाशी? रिकामा, सरळ रस्ता असेल तेव्हा ज्या वेगाला थरथर येते तोच वेग राखून एक गिअर खाली घ्या. पाचव्यातून चौथ्यात गेल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात, चाकाचे तेवढेच राहतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष चाकाच्या बाजूला आहे. बदलली किंवा गेली, तर इंजिन, त्याची माउंटिंगं, क्लच यांच्याकडे बघायला हवं. बरेच जण यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. घाटात किंवा रहदारीत हे धोक्याचं आहे; गिअर बदलून तीच माहिती मिळते.

हाताला आणि कानाला जो फरक कळतो तोही उपयोगाचा आहे. चाकाचे सेकंदाला १२-१५ धक्के हाताला एकेक करून जवळपास मोजता येतील असे जाणवतात. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ४१ हून अधिक फेरे झाले. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ८३. ते थरथर म्हणून जाणवण्यापेक्षा गुणगुण म्हणून ऐकू येतात. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या तीन-चार पट वेगाने फिरतो, त्याचा दोष या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो.

फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकं बॅलन्स करून काही मिळणार नाही. ब्रेकच्या डिस्कची जाडी कमी-जास्त झालेली असते. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथरतं आणि पाय उचलला की थांबतं, तर अ‍ॅक्सलचा आतला सांधा बघावा. वळणावर एका बाजूला घूं-घूं वाढत असेल तर बेअरिंग. ताशी ३०-४० लाच गाडी बदकासारखी डुलत असेल, तर तोलाचा विषय जवळपास बाद समजा. तेवढ्या वेगाला २०-३० ग्रॅमची ओढ गाडी हलवण्याइतकी नसतेच. रिम वाकलेली आहे किंवा टायरच्या आतला पट्टा सुटतो आहे, आणि हे दुसरं असेल तर प्रवास तिथेच थांबवण्यासारखं आहे. त्याबद्दल पुढे.

चालकांना सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट वेगळीच असते. थरथर येते आणि जाते. रस्ता तोच, वेग तोच, तरी मिनिटभर वाढत जाते, मग विरते, पुन्हा वाढते. माणूस म्हणतो, रस्त्याचाच दोष. प्रत्यक्षात दोन चाकांचा तोल बिघडलेला असतो. डावं आणि उजवं चाक एकाच मापाचं असलं तरी हवा आणि झीज यांतल्या फरकामुळे त्यांचा घेर अगदी सारखा नसतो. घेरात फक्त २ मिलिमीटरचा फरक असला, तर सुमारे १.९ किलोमीटरमध्ये एक चाक दुसऱ्यापेक्षा एक अख्खा फेरा जास्त घेतं. ताशी १०० ला हे अंतर ६८ सेकंदांत पार होतं. तेवढ्या वेळात दोघांच्या जड बाजू एकदा जुळतात आणि एकदा समोरासमोर येतात. जुळल्या की गाडी एका तऱ्हेने हलते, समोरासमोर आल्या की दुसऱ्या तऱ्हेने. यांतली एक तऱ्हा आपल्याला जाणवते आणि दुसरी फारशी जाणवत नाही. वळणानेही हाच खेळ होतो. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर चालतं. दोन चाकांमध्ये दीड मीटरच्या आसपास अंतर असलेल्या गाडीने चाळीसेक अंशांचं वळण घेतलं की बाहेरचं चाक जवळपास अर्धा फेरा पुढे जातं. म्हणून वळणाआधी जोरात असलेली थरथर वळणानंतर नाहीशी झालेली दिसू शकते. अशी येती-जाती थरथर असेल तर एकच चाक बॅलन्स करून समाधान मानू नये.

ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी खिशातला फोन पुरेसा आहे. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप तयार केलं आहे. फोनमधल्या त्वरणमापकाचा वापर करून ते कंपनांचा वर्णपट काढून दाखवतं. फोन सीटच्या रुळावर किंवा फरशीवर घट्ट बसवायचा आणि हे काम शेजारच्याने करायचं. चालकाने अजिबात नाही. वेग जीपीएसवरून घ्यावा, कारण स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. मग सोपा हिशेब: ताशी वेगाला ३.६ ने भागलं, आलेल्या उत्तराला टायरच्या घेराने भागलं की चाकाचे सेकंदाचे फेरे मिळतात. आपल्या मापाच्या टायरला ताशी ९० ला ते १२.९ येतात. वर्णपटात नेमकं तिथे टोक दिसलं तर दोष फेऱ्याला एकदा धक्का देणारा आहे: तोल, वाकलेली रिम किंवा एका बाजूला उंच झालेला टायर. टोक बरोबर दुप्पट जागी, २६ च्या आसपास असेल तर फेऱ्याला दोन धक्के बसताहेत, म्हणजे टायर लंबगोल झाला असण्याची शक्यता वाढते. वजनं लावून तो दोष जाणार नाही.

दुकानात जाण्याआधी चाक धुऊन घ्या. हे सांगणं मामुली वाटेल, पण विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यानंतर याहून मोठं कारण क्वचितच सापडतं. शेताच्या वाटेवर काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, एका जागी साचते आणि वाळून दगडासारखी होते. तिचं वजन कधी पावशेरही भरतं, आणि २० ग्रॅम काय करतात ते आपण पाहिलं. मातीसकट मशीनवर चढवलेल्या चाकाला मातीच्या हिशेबाने वजन लागतं. पुढच्या धुण्यात माती गळते आणि थरथर उलट्या बाजूने सुरू होते. त्याच धुण्यात आणखी एक गोष्ट तपासावी. चिकटवलेलं वजन पडलं असेल तर रिमवर गोंदाचा चौकोनी डाग उरतो. रिम न पुसता चिकटवलेली वजनं जोराच्या फवाऱ्याने निघतात. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर थांबवणारं द्रव ओतलं असेल तर तेही सांगा. ते आत खाली साचतं आणि मशीनला दर वेळी वेगळा आकडा दाखवायला लावतं.

दुकानात उभं राहून बघण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, पण त्यांवर सगळं अवलंबून आहे. चाक मशीनच्या दांड्यावर शंकूच्या आकाराच्या कोनाने मधोमध बसवतात. कोन चुकीच्या मापाचा असला, किंवा मधल्या भोकाच्या कडेला गंज वा माती असली, तर चाक किंचित तिरकं किंवा एका बाजूला बसतं. मशीन मग त्या चुकीच्या मध्याभोवती अगदी अचूक तोल साधून देतं. हे पकडायचा साधा उपाय आहे. दोन्ही आकडे शून्य आले की कारागिराला चाक सैल करून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला आणि पुन्हा फिरवायला सांगा. आकडा शून्याच्या जवळच राहिला तर काम बरोबर झालं. १५-२० ग्रॅम दाखवू लागला तर चाक मशीनवर नीट बसलेलं नव्हतं. यात दोन मिनिटं जातात आणि चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. दुसरी गोष्ट, बरीच मशीनं ५ ग्रॅमच्या खालची तफावत शून्य म्हणूनच दाखवतात. बारीक आकडा दाखवणारं बटण असतं, ते दाबून घ्यावं. एका बाजूला १०० ग्रॅमच्या आसपास वजन मागितलं जात असेल तर वजनांची रांग लावण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पाहणं जास्त शहाणपणाचं.

टायर नवा असेल तर त्याच्या बाजूवर रंगीत ठिपका दिसतो. पिवळा ठिपका टायरची हलकी जागा दाखवतो. तो वॉल्व्हजवळ आणतात, कारण वॉल्व्हच्या जागी रिम थोडी जड असते. लाल ठिपका टायर जिथे सगळ्यात उंच किंवा कडक आहे ती जागा दाखवतो. रिमवर खूण असेल तर तो रिमच्या सगळ्यात खोल जागेशी जुळवतात. घाईच्या दुकानात याकडे कुणी बघत नाही, याची खरंच हळहळ वाटते, कारण यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

इथेच मशीनची मर्यादाही येते. बॅलन्सिंगचं मशीन चाक हवेत फिरवतं. ते वस्तुमानाची वाटणी मोजतं. चाक गोल आहे का, टायर सगळीकडे सारखाच कडक आहे का, हे मोजत नाही. रस्त्यावर मात्र त्याच टायरवर अडीचशे-तीनशे किलोंचा भार असतो. एखादी जागा थोडी कडक असेल तर ती जमिनीला टेकताना दर फेऱ्याला गाडी वर ढकलते, तोल कितीही अचूक असो. यासाठी टायरवर रूळ दाबून मोजणारी मशीनं असतात, पण ती थोड्याच ठिकाणी मिळतात. तसं मशीन नसेल तर चाक उचलून हळू फिरवावं आणि टायरच्या माथ्याजवळ एक पट्टी स्थिर धरावी. पट्टी आणि रबर यांच्यातली फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. रिमच्या कडेलाही तसंच करावं. खड्ड्यात आपटलेली लोखंडी रिम बहुधा वाकते, अ‍ॅलॉय वाकते किंवा तडकते. तडकलेली अ‍ॅलॉय वेल्डिंग करून वापरू नये.

याहून सोपी परीक्षा स्टेपनीची. एकेका चाकाच्या जागी स्टेपनी लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जायचं. थरथर ज्या चाकासोबत गेली ते चाक दोषी. मात्र स्टेपनी त्याच मापाची हवी. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांना अ‍ॅलॉयपेक्षा लहान किंवा अरुंद स्टेपनी देतात, आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. तिथे ही परीक्षा करू नये. त्याऐवजी पुढची आणि मागची चाकं अदलाबदल करून थरथर स्टिअरिंगवरून सीटमध्ये जाते का, ते पाहावं.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात. ते चाकांच्या कोनांचं काम आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने घासत असेल तर ते करावं. ९० ला येणारी थरथर केवळ त्याने जात नाही.

आता टायरच्या आतला पट्टा सुटण्याबद्दल. रेडियल टायरमध्ये रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खड्ड्याचा मार, कमी हवेवर लांब पळवणं, उन्हाने आणि वयाने कडक झालेलं रबर यांमुळे ते एकमेकांपासून सुटू लागतात. त्या जागी माथ्यावर उंचवटा येतो किंवा नक्षी नागमोडी दिसू लागते. बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर तिथले धागे तुटलेले असतात. अशा टायरची थरथर काही दिवसांत, कधी काही तासांत वाढत जाते, आणि कमी वेगालाही जाणवते. बिघडलेला तोल असा झपाट्याने वाढत नाही. म्हणून वाढती थरथर जाणवली की वेग हळूहळू कमी करा, ब्रेक जोरात न दाबता कडेला सुरक्षित जागी थांबा आणि चारही टायरांवरून नजर फिरवा. गाडी एरवी शांत चालत असली तरी ती उभी आणि टायर थंड असताना टायरवरून तळहात फिरवून बघायला हवा, पण जपून, कारण सुटलेल्या पट्ट्याची तार रबराबाहेर आलेली असू शकते. फुगा दिसला तर त्या टायरवर पुढच्या गावापर्यंतही जाऊ नका, स्टेपनी लावा. टायरचं वय बाजूवरच्या चार अंकांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून जुना टायर घेणाऱ्यांनी हे अंक आधी वाचावेत.

चाक परत बसवताना हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्यावा. तिथे राहिलेला खडा चाकाला तिरकं करतो. बाहेरून घेतलेल्या अ‍ॅलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये बसणारी रिंग लागते, नाहीतर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येतं. नट एका पाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आधी हलके, मग गाडी खाली उतरवून टॉर्कच्या पान्याने पूर्ण. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर तेच नट पुन्हा एकदा तपासावेत.